'जर्मन' नसलेला जर्मन चॉकलेट केक : गळून पडलेल्या एका प्रत्ययाचा इतिहास

आजचा धागा युद्धाविषयी नाही, तहाविषयी नाही आणि किल्ल्याविषयीही नाही. तो एका केकविषयी आहे. चॉकलेटचे तीन थर, मध्ये व वर खोबरे आणि पेकन नावाच्या सुक्या मेव्याचा दाट, तपकिरी लेप. अमेरिकेत याला 'जर्मन चॉकलेट केक' म्हणतात. हा केक जर्मनीतून आलेला नाही. त्याच्या घटकांपैकी एकही जर्मनीचे वैशिष्ट्य म्हणता येणार नाही; नारळ आणि पेकन यांचे पीक तर त्या देशाच्या हवेत येणेच अवघड. मग नाव कुठून आले?

उत्तर एका वाक्यात देता येते आणि इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ते तसेच दिलेले असते. परंतु त्या वाक्याच्या मागे गेल्यावर मला जे दिसले, त्यासाठी धागा थोडा लांबवावा लागेल. चहा घेऊन बसा.

प्रथम ते एक वाक्य. १८५२ मध्ये सॅम्युएल जर्मन नावाच्या माणसाने अमेरिकेतील 'बेकर्स' या चॉकलेट कंपनीसाठी साखर आधीच मिसळलेले, सौम्य चवीचे एक चॉकलेट तयार केले. कंपनीने त्याला निर्मात्याचे नाव दिले : 'जर्मन्स स्वीट चॉकलेट'. 'जर्मन' हे आडनाव होते. पुढे त्या चॉकलेटचा केक लोकप्रिय झाला, लिहिताना व बोलताना शेवटचा 'स' गळाला, आणि एका माणसाचे नाव एका राष्ट्राचे नाव होऊन बसले.

मराठीत हा घोटाळा बहुधा झालाच नसता. 'जर्मन यांचे चॉकलेट' यातील षष्ठीचा प्रत्यय आपण सहजासहजी टाकत नाही. टाकला तर वाक्य लंगडे होते. इंग्रजीत मात्र एक स्वल्पविरामासारखे चिन्ह आणि एक अक्षर गेले की मालक विशेषण होऊन जातो. गंमत अशी की केक जिथे गाजला त्या टेक्सासमध्ये खरोखरीचे जर्मन पुष्कळ होते. न्यू ब्राउनफेल्स हे गाव १८४५ मध्ये आणि फ्रेडरिक्सबर्ग १८४६ मध्ये जर्मन स्थलांतरितांनीच वसवले. त्यामुळे 'हा केक त्या लोकांनी आणला असेल' ही समजूत ऐकणाऱ्याला खटकली नाही. खोटी व्युत्पत्ती टिकते ती बहुधा अशीच, शेजारी एखादे खरे कारण उभे असले की.

आता कंपनीकडे. मॅसॅच्युसेट्समधील डॉर्चेस्टर येथे, नेपॉन्सेट नदीच्या काठी, १७६० च्या दशकाच्या मध्यास जॉन हॅनन नावाच्या आयरिश स्थलांतरिताने पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत कोको दळण्यास सुरुवात केली. भांडवल होते डॉ. जेम्स बेकर यांचे. १७७९ मध्ये हॅनन वेस्ट इंडिजकडे कोको खरेदीसाठी निघाला तो परतलाच नाही. पुढच्याच वर्षी व्यवसाय बेकर यांच्या नावाने चालू लागला. म्हणजे पहिला कारागीर समुद्रात नाहीसा झाला आणि भांडवलदाराचे नाव वेष्टनावर राहिले. हे नाव लक्षात ठेवा. 'बेकर' म्हणजे केक भाजणारा, म्हणून 'बेकर्स चॉकलेट' म्हणजे केकसाठीचे चॉकलेट, असा अनेकांचा समज आहे. तेही आडनावच आहे. या कथेत आडनावांनी फार फसवले आहे.

त्या काळी चॉकलेट हे मुख्यतः पेय होते. अठराव्या शतकातील एखाद्या इंग्रजी पाकपुस्तकात 'चॉकलेट केक' असा शब्द आढळला तर बिचकू नये. तो बहुधा चॉकलेटच्या पेयासोबत खाण्याचा केक असतो. जसा चहाचा बिस्किटाशी संबंध, तसा. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाऊटेन यांनी कोकोतील चरबी दाबून वेगळी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याची चॉकलेटची वडी बाजारात आणली, आणि कोको पेल्यातून निघून हातात आला. पिठात मिसळून केकमध्ये चॉकलेट घालण्याची रीत तर त्याहूनही पुढची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. सॅम्युएल जर्मनने १८५२ मध्ये वडी बनवली तेव्हा आजचा केक कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

१८५२ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्याच वर्षी, डॉर्चेस्टरच्या शेजारच्या बोस्टन शहरात, हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गुलामगिरीविरुद्धचे लोकमत ज्या प्रदेशात तापत होते, त्याच प्रदेशात कोको दळला जात होता. त्या वेळी क्युबाच्या उसाच्या मळ्यांत आणि ब्राझीलच्या शेतांत गुलामांचे श्रम कायदेशीर होते. क्युबात ते १८८६ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत चालले. अमुक एका वडीतील साखर अमुक एका मळ्यातली होती असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु 'गोड चॉकलेट स्वस्त का झाले' हा प्रश्न त्या मळ्यांना वगळून सोडवता येत नाही.

यानंतर शंभर वर्षे फारसे काही घडत नाही. वडी विकली जात राहते, सॅम्युएल जर्मन विस्मरणात जातो.

मग येते ३ जून १९५७. 'डॅलस मॉर्निंग न्यूज' या टेक्सासमधील दैनिकाच्या 'आजची पाककृती' या सदरात एका गृहिणीने पाठवलेली कृती छापली गेली. नाव होते 'जर्मन्स चॉकलेट केक'. पाठवणारीचे नाव छापले गेले ते असे : मिसेस जॉर्ज क्ले.

कृती वाचकांना इतकी आवडली की दुकानांतून त्या चॉकलेटची मागणी एकाएकी वाढली. बेकर्स ब्रँडची मालकी तोवर जनरल फूड्स या मोठ्या कंपनीकडे आलेली होती. कंपनीने कृती आणि केकची छायाचित्रे देशभरातील वृत्तपत्रांना पाठवली. विक्री ७३ टक्क्यांनी वाढली, असा आकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. तो वापरताना एवढे भान असावे की हे यश स्वतःची कहाणी सांगणाऱ्या कंपनीचे आहे. तरी खप मोठा वाढला, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही; केकचे आजचे स्थानच त्याची साक्ष आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आपल्या वहीत लाल शाईने लिहून ठेवावी. 'प्रथम छापले गेले' आणि 'प्रथम केले गेले' या दोन भिन्न घटना आहेत. स्वयंपाकाच्या इतिहासात तर त्यांच्यात कधी कधी एक पिढी जाते. क्ले बाईंनी हा केक स्वतः योजला, शेजारणीकडून घेतला की नात्यातल्या कोणाकडून, हे सदर सांगत नाही. सदराचे ते कामच नव्हते.

मला अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. गेल्या सत्रात मी अन्नाच्या इतिहासावर एक निबंध लिहीत होतो आणि तळटीप तयार करताना हात थांबला. या कृतीची लेखिका कोण म्हणून लिहायची? जॉर्ज क्ले हे तर नवऱ्याचे नाव. त्या काळच्या अमेरिकी शिष्टाचारात विवाहित स्त्रीचा औपचारिक उल्लेख नवऱ्याच्या पूर्ण नावापुढे 'मिसेस' लावून होई. तिचे स्वतःचे नाव त्यात उरतच नसे. म्हणजे देशभर पोहोचलेल्या पदार्थाची कृती देणारी स्त्री प्रसिद्धीच्या त्याच क्षणी, त्याच ओळीत, नावाने पुसली गेली. सूचीत मी तिला 'क्ले' या अक्षराखाली ठेवले. मन खट्टू झाले, पण दुसरा मार्ग नव्हता.

आपल्याकडे नवऱ्याचे नाव मध्ये बसते, पुष्कळदा माहेरचे पहिले नावही बदलले जाते, पण निदान कुठले तरी एक पहिले नाव राहते. तरी फार फुशारकी नको. माझ्या आजीच्या पाककृतींच्या वहीत 'जोशी वहिनींचा चिवडा', 'बँकेतल्या साहेबांच्या मिसेसचा केक' अशीच शीर्षके आहेत. मी आजीला विचारले, या मिसेसचे नाव काय होते गं? ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "अरे, केक फार हलका व्हायचा बघ त्यांचा."

असो. आता केकच्या वरच्या लेपाकडे वळू, कारण इतिहास दाटला आहे तो तिथे.

खोबरे घ्या. कोकणात किंवा गोव्यात नारळ परसात असतो. गोव्याच्या नाताळात रवा आणि नारळाचा 'बाथ' हा केक घरोघरी होतो आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीची गरज पडत नाही. टेक्सासच्या गृहिणीला मात्र नारळ मिळे तो पाकिटात, किसून वाळवलेला, बहुधा गोड केलेला. अमेरिकेत या धंद्याचे मोठे नाव होते फ्रँकलिन बेकर. होय, पुन्हा बेकर, आणि चॉकलेटवाल्या बेकरशी त्याचे काही नाते नाही. हा फिलाडेल्फियातील पिठाचा व्यापारी. १८९० च्या दशकात क्युबाला पाठवलेल्या पिठाच्या मोबदल्यात त्याला जहाजभर नारळ मिळाले. ताजे नारळ खपेनात, म्हणून त्याने ते किसून वाळवून विकण्याची व्यवस्था केली आणि पुढे पिठाचा धंदा सोडून दिला. १९२० च्या दशकात त्याच्या कंपनीने थेट फिलिपाईन्समध्ये कारखाना काढला. फिलिपाईन्स तेव्हा अमेरिकेची वसाहत होती, १८९८ च्या युद्धानंतर स्पेनकडून घेतलेली. ती स्वतंत्र झाली १९४६ मध्ये. तेव्हा डॅलसच्या पाकिटातील खोबरे हे निव्वळ व्यापाराचे फळ नव्हते. त्यामागे एक साम्राज्य होते.

आणि आता कंपनीचा हिशेब पाहा. पोस्टम या कंपनीने १९२६ मध्ये 'स्वान्स डाउन' हे केकचे पीठ बनवणारी संस्था घेतली, १९२७ मध्ये वॉल्टर बेकरची चॉकलेट कंपनी घेतली, आणि त्याच सुमारास फ्रँकलिन बेकरची खोबऱ्याची कंपनीही. १९२९ मध्ये पोस्टमनेच 'जनरल फूड्स' हे नाव धारण केले. म्हणजे १९५७ मध्ये एका गृहिणीने कृती पाठवली, तेव्हा तिच्यातील चॉकलेट, खोबरे आणि केकचे पीठ हे तिन्ही घटक एकाच मालकाच्या गोदामात होते. कंपनीला ती कृती देशभर पाठवण्याचा उत्साह का आला असावा, हे समजण्यास यापुढे अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कृती घरातली होती, याबद्दल शंका नाही. तिला पंख मात्र गोदामाने दिले.

लेपातील दूधही कारखान्यातले. बिनसाखरेचे आटवलेले डबाबंद दूध १८८५ पासून इलिनॉय राज्यातील हायलंड गावी जॉन मायेनबर्ग या स्विस तंत्रज्ञाच्या पद्धतीने बनू लागले. बासुंदीसाठी दूध आटवताना कढईजवळ जो तासभर जातो, तो डब्यात भरून विकण्याची ही युक्ती.

राहता राहिला पेकन. आणि खरे सांगायचे तर हा धागा मी लिहायला घेतला तो पेकनसाठी.

पेकन दिसायला आपल्या अक्रोडाचा लांबट, गुळगुळीत भाऊ. तो मूळचा उत्तर अमेरिकेचाच. मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि टेक्सासच्या नद्यांकाठी त्याची रानटी झाडे होती, आणि नावही तेथील मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्वियन भाषांतून आलेले आहे; दगडाने फोडावे लागणारे फळ, असा त्याचा अर्थ. १९१९ मध्ये टेक्सासने त्याला आपला राज्यवृक्ष ठरवले. परंतु रानटी झाडाची अडचण हापूस लावणाऱ्या कोणालाही सांगावी लागणार नाही. कोयीपासून उगवलेले झाड आईसारखे फळ देईलच असे नाही. एका झाडाचे दाणे मोठे आणि पातळ कवचाचे, तर त्याच्याच रोपाचे बारीक आणि टणक. एकसारखे उत्पादन हवे तर कलम बांधावे लागते, आणि पेकनचे कलम बराच काळ कोणाला नीट साधेना.

लुइझियानात, मिसिसिपी नदीकाठी, एका डॉक्टरकडे उत्तम पेकनच्या झाडाच्या डहाळ्या होत्या. त्याचे स्वतःचे प्रयत्न फसले. त्याने डहाळ्या नदीपलीकडच्या एका उसाच्या मळ्यात नेल्या. तो मळा आज 'ओक अ‍ॅली' या नावाने ओळखला जातो. मळ्याचा मालक होता तेलेस्फोर रोमाँ. तेथील माळ्याने १८४६-४७ च्या हिवाळ्यात १६ झाडांवर कलमे बांधली आणि ती जगली. पेकनची यशस्वी कलमे झाल्याची ही पहिली नोंद मानली जाते. आजच्या पेकन बागायतीचा उगम येथे आहे.

त्या माळ्याचे नाव अँटवान. तो गुलाम होता.

१८४८ मध्ये मालक वारल्यावर मालमत्तेची यादी करण्यात आली. त्या यादीत अँटवान आहे : वय ३८, माळी, पेकनची कलमे बांधण्यात निष्णात. आणि पुढे, बैल व नांगरांपुढे असते तशी, डॉलरमधील किंमत. त्याला आडनाव नाही. त्याचे कौशल्य लिहून ठेवले गेले ते त्याच्या गौरवासाठी नव्हे, त्यामुळे त्याची किंमत वाढत होती म्हणून. एका माणसाविषयी जवळजवळ एवढेच आपल्याला ठाऊक आहे आणि तेही विक्रीच्या कागदामुळे. अभिलेखागारात काम करताना अशा कागदांचे उपकार मानावेत की त्यांची शिसारी यावी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले. त्या झाडांचे पेकन तेथे मांडले गेले आणि वाखाणले गेले. त्यावरून त्या जातीला नाव मिळाले : 'सेंटेनियल', म्हणजे शताब्दी. मधल्या काळात यादवी युद्ध होऊन गुलामगिरी संपली होती. तरी जातीला नाव देताना अँटवानची आठवण कोणाला झाली नाही. सॅम्युएल जर्मनने एक वडी बनवली आणि चुकून का होईना, त्याचे नाव जगभर पोहोचले. कलम साधणाऱ्याचे नाव वेष्टनावर येण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे मळ्यातली ती बहुतेक झाडे तोडून तिथे पुन्हा ऊस लावण्यात आला.

काहींना वाटेल, केक खाताना एवढे कशाला? माझे उत्तर साधे आहे. केक मी आवडीने खातो. परवाच केला. ज्यांना करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी जुनी, प्रचलित कृती थोडक्यात सांगतो. ऐतिहासिक साधन म्हणूनही ती वाचण्यासारखी आहे.

सुमारे ११५ ग्रॅम गोडसर गडद चॉकलेट अर्धा कप उकळत्या पाण्यात विरघळवून गार करावे. एक कप लोणी आणि दोन कप साखर फेसून हलके करावे, त्यात चार अंड्यांचे पिवळे बलक एकेक करून घालावेत, मग चॉकलेट व थोडा व्हॅनिला. सव्वादोन ते अडीच कप मैद्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ चाळून घ्यावे. हे पीठ आणि एक कप आंबट ताक आळीपाळीने मिश्रणात घालावे. ताकातील आम्ल सोड्याला उठवते आणि केक फुगतो, म्हणून गोडे ताक चालत नाही. ताक वगळून नुसते दूध घातलेत तर केक बसेल. शेवटी अंड्यांचा पांढरा भाग घट्ट फेसून हलक्या हाताने मिसळावा. लोणी फासून मैदा भुरभुरलेल्या नऊ इंची तीन भांड्यांत ओतून १८० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजावे. केक फार काळा दिसणार नाही. ती चूक समजू नये; जर्मनच्या वडीत कोको कमी आणि साखर अधिक होती, त्यामुळे फिकटपणा हीच त्याची ओळख.

लेपासाठी एक कप आटवलेले दूध, एक कप साखर, तीन बलक आणि अर्धा कप लोणी मंद ते मध्यम आचेवर सतत ढवळत सुमारे १२ मिनिटे शिजवावे. हात थांबला की बलक फाटतो. घट्ट झाले की उतरवून सव्वा कप खोबऱ्याचा कीस आणि एक कप चिरलेले पेकन घालावेत. पेकन सगळीकडे मिळत नाही आणि मिळाला तर महाग असतो. मी अक्रोड घातले आणि खोबरे घरच्या नारळाचे किसून कढईत कोरडे केले. ओले खोबरे तसेच घातले तर लेप पाणी सोडतो. हे मला पहिल्या खेपेस कळले, तेव्हा वरचा थर हळूहळू घसरून ताटलीत उतरला होता. चव मात्र उत्तम होती.

आजीने तुकडा खाल्ला आणि वही मागवली. पान काढून तिने वर शीर्षक लिहिले, 'क्ले बाईंचा केक'. मी म्हटले, आजी, ते त्यांच्या नवऱ्याचे नाव आहे. तिने पेन थांबवले, 'क्ले'पुढे कंसात थोडी जागा मोकळी सोडली आणि साहित्याची यादी लिहायला घेतली.